सावलीच्या बाजूची जाळी

ती घटना आठवायला मला निमित्त लागत नाही. नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती आणि मी जळगावात एका पोलीस ठाण्याचा निरीक्षक होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. हे प्रकरण मात्र वेगळं राहिलं. यात गुन्हेगार कोणीच नव्हता, तरी एका बाईला माझ्या हातून शिक्षा झाली. नावं कोणाचीच घेत नाही.

बाजारपेठेत तेव्हा एक नवी तीन मजली इमारत उभी राहिली होती. सगळी इमारत म्हणजे साड्यांचं एकच दुकान. मालकांना आपण शेटजी म्हणू. त्यांना सगळं मुंबईच्या तोडीचं हवं होतं. खिडकी एकही नाही, चहूकडे काच आणि वातानुकूलन. जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला सांगायला नको की लोक तिथे साडी घ्यायला कमी आणि गार हवेत बसायला जास्त येत. पण बंद जागेत एवढी माणसं बसली की हवा कोंदते. म्हणून शेटजींनी धुळ्याच्या एका मिस्त्रीकडून हवा बदलणारं यंत्र बसवून घेतलं होतं. दुकानातली शिळी पण गार हवा त्यातून बाहेर जाई आणि बाहेरची ताजी पण तापलेली हवा आत येई. दोन्ही हवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या थप्पीतून, एकमेकींत न मिसळता, जवळून जात आणि जाणारी हवा येणारीला गार करे. शेटजी गिऱ्हाइकाला साडीच्या आधी हे यंत्र दाखवत.

या दुकानातल्या नोकरांना दुपारचं काहीतरी होऊ लागलं. चार-साडेचारच्या सुमारास डोकं जड होणं, मळमळ, उलटी. पहिल्या वेळी तिघं, दुसऱ्या वेळी पाच जण. तिसऱ्या वेळी पहिल्या मजल्यावरच्या काउंटरची एक मुलगी खुर्चीवरून खालीच कोसळली. तिला सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. शेटजी स्वतः ठाण्यात आले आणि म्हणाले, "साहेब, कोणीतरी माझ्या माणसांना विष घालतंय."

नोकर साडेतीनला चहा घेत आणि चारनंतर आजारी पडत. चहा येई इमारतीच्या मागच्या दारापाशी बसणाऱ्या अक्कांकडून. अक्का पंचेचाळीसच्या आसपासच्या, मूळच्या धरणगावकडच्या एका खेड्यातल्या. इमारत नव्हती तेव्हापासून त्या जागेच्या कोपऱ्यावर त्यांचा स्टोव्ह होता. शेटजींना तो तिथून हलवायचा होता आणि त्यावरून दोघांची चांगली जुंपली होती. दुकान कसं चालतं ते बघतेच, असं अक्का म्हणाल्या होत्या. दुकानाच्या चौकीदाराने त्यांचे अहिराणी शब्द जसेच्या तसे सांगितले: "मी बी दखस तुम्हनं दुकान कसं चालस ते."

त्याच संध्याकाळी ठाण्याच्या टपालपेटीत एक चिठ्ठी मिळाली. 'चहावालीच्या घरी कपाशीच्या फवारणीचं औषध आहे. बघून घ्या.' खाली सही नाही. निनावी चिठ्ठी आली की एरवी मला आधी लिहिणाऱ्याचाच संशय यायचा. त्या दिवशी आला नाही, कारण मी दुपारपासून जे मनात धरून बसलो होतो, तेच त्या चिठ्ठीत होतं.

दोन पंच आणि महिला शिपाई घेऊन आम्ही अक्कांच्या खोलीची झडती घेतली. मोरीशेजारी कवटीचं चित्र असलेला फवारणीच्या औषधाचा डबा निघाला.

"त्यामा रॉकेल शे, साहेब," अक्का म्हणाल्या. "भाऊना घरथीन मोकळा डबा लई येल शे."

डब्याला रॉकेलचाच वास येत होता. रिकामा झालेला असा डबा धुऊन त्यात रॉकेल ठेवायची पद्धत खानदेशात घरोघर होती, आमच्याही घरी होती. पण मला ते आठवायचं नव्हतं. पंचनाम्यात डब्याचं वर्णन आलं, चित्र आलं. नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेला पाठवला. अहवाल यायला काही महिने लागणार हे ठरलेलंच होतं. त्यात जबाबांमधून आणखी एक गोष्ट पुढे आली. त्रास झाला त्या प्रत्येक दुपारी दुकानात रॉकेलचा वास येत होता, असं बहुतेकांनी सांगितलं. अक्कांचा स्टोव्ह रॉकेलचा. मला आणखी काय हवं होतं?

तीन दिवस अक्कांना सकाळी जीप पाठवून ठाण्यात आणलं आणि दिवस मावळायच्या आत सोडलं. अटक दाखवली नाही, डायरीत 'चौकशीकामी हजर' एवढीच नोंद. जीप दुकानाच्या मागच्या दारापाशीच जायची आणि सगळी बाजारपेठ बघायची.

"अक्का, खरं सांग. चहात काय टाकलंस?"

"मी काही टाकेल नही शे. मी बी तोच चहा पेस."

"मग तुला कसं काही होत नाही?"

"ते तुम्हीच सांगा, साहेब. तुम्ही शिकेल शेतस."

असं उत्तर अधिकाऱ्याला झोंबतं. मला झोंबलं. तीन दिवसांत त्या एकदाही रडल्या नाहीत आणि हे मी त्यांच्या विरोधात धरलं. बाई निगरगट्ट आहे, असं हवालदारांना म्हणालोही. रडल्या असत्या तर नाटकी आहे म्हटलं असतं.

सिव्हिलमधले तरुण डॉक्टर मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "साहेब, फवारणीच्या औषधाने डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला लाळ सुटते. या मुलीत तसं काही दिसत नाही. मला हे पोटातून गेलेलं वाटत नाही."

"लेखी द्याल?" मी विचारलं.

ते जरा घुटमळले. त्यांच्या घुटमळण्यातून मी मला हवा तो अर्थ काढला आणि त्यांचं म्हणणं बाजूला टाकलं.

चौथ्या दिवशी मुलगी बोलू लागल्याचा निरोप आला. जबाब घेणारे आमचे हवालदार बंदोबस्ताला गेले होते, म्हणून मी स्वतः गेलो. मुलगी उशीला टेकून बसली होती. मी वही उघडली आणि सवयीने विचारलं, "चहा किती वाजता घेतलास?"

"मी चहा घेत नाही, साहेब. मला पित्त होतं."

"त्या दिवशी घेतला असशील."

"कधीच नाही घेत. दुकानात विचारा कोणालाही."

सगळ्यांत जास्त बाधा जिला झाली, तिने चहाला तोंडच लावलं नव्हतं. ठाण्यात येऊन मी सगळे जबाब काढून बसलो. प्रत्येकाची सुरुवात एकच: 'मी साडेतीन वाजता चहा घेतला.' हवालदार अनुभवी माणूस, पण त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, चहा किती वाजता घेतला. घेतला का, हे कोणालाच विचारलं नव्हतं. पोलिसांसमोर बसलेला माणूस वेळ विचारली की वेळ सांगून मोकळा होतो. दोष त्यांना काय देऊ, हॉस्पिटलमध्ये मीही तेच विचारलं होतं.

दुकानात जाऊन एकेकाला पुन्हा विचारलं. आजारी पडलेल्यांत आणखी दोघांनी त्या दिवशी चहा घेतलेला नव्हता. उलट बाहेर बसणारा चौकीदार रोज अक्कांचा तीन कप चहा पिऊन ठणठणीत होता. इतके दिवस मी त्यालाही संशयितांत धरलं होतं, तो आजारी पडत नाही म्हणून.

म्हणजे जे काही होत होतं ते दुकानाच्या आत होत होतं. संशयाने लगेच दुसरं घर धरलं, धुळ्याच्या मिस्त्रीचं. त्याच्या यंत्रातून काही सुटत असेल का? मुद्दाम सोडलं असेल का? बिनतारी संदेश गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री एस.टी.ने स्वतःच हजर झाला. काखेत हत्यारांची पिशवी, हातात नकाशाची गुंडाळी. इतक्या सहज आलेल्या माणसाचाही मला संशय आला, हे कबूल करतो.

नकाशा टेबलावर पसरून मी विचारलं, "बाहेरची हवा आत घेणारी जाळी नकाशात गच्चीवर आहे. तू ती खाली बोळात का लावलीस?"

"साहेब, मे महिन्यात गच्चीच्या स्लॅबवर हात टेकवून बघा. तिथली हवा ओढली तर यंत्राने किती गार करायची? उत्तरेच्या बोळात दिवसभर सावली. तिथली हवा मुळातच बरी असते."

यात मला खोट काढता येईना. मीसुद्धा माझी सायकल, माझा माठ आणि माझी खाट आयुष्यभर सावलीच्या बाजूलाच ठेवत आलो आहे.

आम्ही बोळात गेलो. मिस्त्री पुढे होता, तो मधेच थांबला. जाळीच्या खाली, हातभर अंतरावर, एक जनरेटर होता.

"हा इथं कधी आला?" मिस्त्रीने चौकीदाराला विचारलं.

"महिना होईल. आधी पुढच्या बाजूला उन्हात होता. तापून बंद पडायचा, म्हणून सावलीत आणला."

पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचा असा तो जनरेटर होता. त्या महिन्यात रोहित्राचं काम चालू असल्याने बरेचदा दुपारी तीन ते पाच वीज जायची. वीज गेली की वातानुकूलन बंद, पण दिवे आणि हवेचं यंत्र जनरेटरवर चालू राही. आतला गारवा टिकावा म्हणून दारं घट्ट लावून घेत. आणि बोळात कोंडलेला धूर त्या जाळीतून थेट माणसांच्या डोक्यावर ओतला जाई. रॉकेलचा वास सगळ्यांनी घेतला होता, फक्त तो अक्कांच्या स्टोव्हच्या नावावर लागला होता.

दुकान रिकामं केलं, जनरेटर सुरू केला, दारं लावली. मी त्या मुलीच्या खुर्चीपाशी उभा राहिलो. वर छताला हवेची जाळी होती. थोड्या वेळात वास आला, मग कपाळ ठणकू लागलं. मिस्त्रीने मला दंडाला धरून बाहेर आणलं आणि स्वतः पायरीवर बसला.

"लोकांना बरं वाटावं म्हणून केलं होतं, साहेब," तो म्हणाला.

जाळी गच्चीवर गेली, जनरेटर इमारतीपासून लांब गेला, मुलगी बरी होऊन कामावर आली. अपघात म्हणून कागद मिटले. डब्यात रॉकेलच होतं, हे प्रयोगशाळेने पावसाळा संपता संपता कळवलं. चिठ्ठी कोणी टाकली ते मी शोधलं नाही. शोधलं असतं तर ती इतकी पटकन खरी कोणी मानली, हाही प्रश्न निघाला असता.

बोळात जनरेटर सापडला त्या दिवशी संध्याकाळी मी अक्कांना ठाण्यात बोलावून सांगितलं, "तुझ्यावर काही नाही. जा घरी."

त्या बाकावरून उठल्या नाहीत. "तुम्ही माले बठ्ठास्नासमोर लई गयात," त्या म्हणाल्या. "आते बठ्ठास्नासमोर सांगा."

"उद्या येतो, सगळ्यांसमोर सांगतो," मी म्हणालो.

उद्या बंदोबस्त निघाला, परवा बैठक. खरं सांगायचं तर दुकानात भर गर्दीत उभं राहून 'आमचं चुकलं' म्हणायला माझी जीभ रेटेना. मी हवालदारांना पाठवलं. त्यांनी शेटजींच्या केबिनमध्ये बसून शेटजींना सांगितलं आणि ते परत आले. पंधरा-वीस दिवसांनी मी तिकडून जात होतो, तर मागच्या दारापाशी स्टोव्ह नव्हता.

"त्यांचा चहा कोणी घेईना, साहेब," चौकीदार म्हणाला. "लोक म्हणायचे, काही असल्याशिवाय पोलीस तीन दिवस नेतात का? गेल्या त्या भावाच्या गावाला."

मला त्या रात्री झोप लागली नाही. रविवारी मी गणवेश चढवला, जीप काढली आणि धरणगावच्या पुढे त्यांच्या गावी गेलो. गणवेश मुद्दाम घातला होता, म्हणजे सांगण्याला वजन येईल. चारचौघांत काय बोलायचं ते वाटेत मनाशी जुळवलंही होतं.

जीप दारात थांबली तशी दहा-पंधरा माणसं जमली. अक्का ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. ठाण्यात तीन दिवसांत मी तो तसा कधी पाहिला नव्हता. त्या जवळ आल्या आणि मी का आलो ते हळू आवाजात विचारू लागल्या, "कसाले उनात, साहेब? इठे कोनले काही माहीत नही शे."

मागून एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "काय व्हयनं, अक्का? पोलीस कसाले उनात?"

अक्का आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काही नही, आबा. साहेब वाट चुकनात. पानी पेवाले थांबनात."

मी पाणी प्यालो. ज्या रस्त्याने आलो होतो तोच, धरणगावचा रस्ता, आबांना विचारला. त्यांनी हात करून तो नीट समजावून सांगितला. मी मान हलवत ऐकून घेतलं.

मला लाज वाटली, आणि ती अजून वाटते. संशय घेणं हे आमचं काम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर जबाब घेताना मी पहिला प्रश्न नेहमी मोकळा ठेवला, हाताखालच्यांनाही तसं शिकवलं. पण संशय चुकीचा ठरला तर तसं सांगणं त्याच दिवशी, त्याच जागी व्हायला हवं. मी उशीर केला आणि नको त्या गावात माफी घेऊन गेलो. अक्कांना भेटायला मी पुन्हा कधी गेलो नाही. त्यांच्यासाठी मला तेवढंच करता येण्यासारखं उरलं होतं.