तांबूच्या डाव्या कुशीवर हात

मुलांनो, आज दुपारभर मी शेजारच्या शेवंताच्या गोठ्यात, तिच्या तांबू गाईच्या डाव्या कुशीवर हात ठेवून उभी होते. निरोगी गाईचे पोट तिथे मिनिटाला एक-दोनदा संथ हलते. आज ते हलत नव्हते. काल घरी श्राद्ध होते. गोग्रास म्हणजे एक घास, पण उरलेल्या भाताची आणि गव्हाच्या खिरीची अख्खे घमेले मीच तिच्यापुढे ठेवले होते.

गुरांच्या डॉक्टरांनी तिला खाण्याच्या सोड्याचे पाणी पाजले. म्हणाले, "आजी, वाढलंत गाईला, पण जेवले पोटातले जिवाणू. इतकं गोड मिळालं की काही माजतात, आम्ल करतात, आणि चारा पचवणारे मरतात."

"काकूंचं पुण्य जरा जास्तच झालं," शेवंता म्हणाली. तिचे घर या एका गाईच्या दुधावर चालते.

हे जिवाणू साखर आंबवतात, प्रथिनांचे तुकडे करून त्यांतून स्वतःचे देह घडवतात, आणि गाय त्यांनाच पचवून जगते. आपण कोणाला जेवू घालतो, हे आपल्याला दिसतच नाही. आग्रह करकरून वाढण्यात माझा जन्म गेला, आणि आता त्याचीच भीती वाटते.

पाचच्या सुमारास हाताखाली काहीतरी सरकले.

"हललं का, काकू?"

मी दुसरा हातही तिथे टेकवला. ते तिचे पोट होते की माझ्याच हाताचा कंप, हे मला कळेना.