जेलीची जाहिरात आणि चेपलेली गाडी

ये गं, अशी माझ्याजवळ बस, कागदावर का होईना. मला जरा रागवायचंय तुझ्यावर. गेल्या शुक्रवारी खैतानहून आलीस, माझा आवराआवरीचा पसारा पाहिलास आणि कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "मावशी, ही जुनी मासिकं कोण नेणार नाशिकला? खाली कचऱ्यापाशी ठेवून देऊ." सख्खी भाची म्हणून ऐकून घेतलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चहासुद्धा दिला नसता.

तुझ्या काकांची नोकरी संपली, दोन महिन्यांत इकामा, इथे राहायचा परवाना, संपेल, मग सालमियातलं हे घर आणि हा देशही सोडायचा. सामान मोजकंच न्यायचंय, कबूल. पण इथे आपल्याकडच्यासारखा दारावर रद्दीवाला येत नाही. टाकलं म्हणजे गेलंच. तेव्हा आधी खोक्यात काय आहे ते ऐक.

काकांच्या कंपनीतला एक अमेरिकन साहेब मायदेशी परतताना हा खोका देऊन गेला. त्याच्या वडिलांनी जमवलेली मासिकं, माझ्या जन्माच्याही आधीची. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं. दुपारभर घरात एकटी. लेख उघडला की दुसऱ्या ओळीत अडकायची. जाहिराती मात्र जमायच्या. आपल्याला समजलं नाही तर जाहिरातवाल्याचा माल कसा खपणार? म्हणून तो बिचारा सोपं लिहितो, थोडकं लिहितो. माझी शाळा तीच.

आणि काय डोकं चालायचं गं त्या लोकांचं! गादीची एक जाहिरात आहे. माणूस एक बूट पायात तसाच ठेवून घोरतोय, आणि खाली बायकोचं वाक्य, 'दुसरा सकाळी काढू.' बस्स. गादी मऊ आहे असं कुठे म्हटलेलंच नाही! आता त्या चित्रांतल्या बायका फरशी पुसतानाही गळ्यात मोती घालून असतात, आणि नवऱ्याच्या हातात कधी फडकं दिसत नाही, हे मला तेव्हाही खटकायचं. पण माणूस घरात कसा वागतो ते त्यांनी नीट पाहिलेलं होतं. उगाच का हसू येतं?

त्यातल्याच एका पानावर जेली होती. गोल साच्यातली, आत मटार, गाजर, कोबी, नुसती चमकत होती, आणि खाली लिहिलेलं, 'बघा कशी हलते!' मी ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला केली. चित्रात पिवळी होती, मला मिळाली स्ट्रॉबेरीची. बायका ताटली हातात धरून बघत बसल्या. एकीने विचारलं, "वहिनी, ही कोशिंबीर की गोड?" मी म्हटलं, "अमेरिकन आहे, खा." निम्म्या जणींनी संपवली, तेवढ्यात शेजारची रत्नागिरीची खाला तीळगूळ घ्यायला आली. रिकामं पाकीट उचलून म्हणते, "भाभी, तुम्ही लोक हे खाता? यावर हलाल लिहिलंय."

"जेलीला कशाला हलाल?"

"जनावराच्या हाडांचं असतं ना ते!"

एक जण चूळ भरायला पळाली. सगळ्यांत थोरल्या वहिनींनी मात्र शेवटचा घास शांतपणे गिळला. म्हणाल्या, "आता ती आत जाऊन हलतेय. बसा मुकाट."

संध्याकाळी काकांना सांगितलं. वाटलं, चिडतील. त्यांनी ते पान मागितलं आणि कडेला पेन्सिलीने लिहिलं, 'जाहिरात खरी. जेली हलली.' ते पान अजून आहे. ते कचऱ्यात टाकू म्हणतेस?

बरं, तू बडबडत होतीस तेव्हा तुझी लेक काय करत होती, पाहिलंस? खोक्यापाशी फतकल मारून बसली होती. तिच्या हातात माझं सगळ्यांत आवडतं व्यंगचित्र होतं. नवरा दारात भला मोठा गुच्छ घेऊन उभा, मागे गाडीचं नाक चेपलेलं, आणि बायको फुलांकडे न बघता मागे गाडीकडे बघतेय. शब्द एकही नाही. डिक्शनरी न उघडता, काकांना न विचारता मला कळलेला तो पहिला विनोद. तुझी लेक खुदकन हसली नि म्हणाली, "आजी, द मॅन क्रॅश्ड द कार!" मीही हसले. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत एका शब्दात उत्तर देते, एवढ्याच आमच्या गप्पा. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसलो, आणि तू म्हणालीस, "चल, उशीर होतोय."

म्हणून ठरवलंय. खोका मी नेत नाही आणि टाकतही नाही. तो तिचा. पण तसाच हातात देणार नाही. आधी तिने माझ्या शेजारी बसून पानं उलटायची. इंग्रजी ती वाचेल, हसायचं कुठे ते मी सांगेन. खोके उचलणारे यायला फार दिवस उरले नाहीत गं. तिला घेऊन या शुक्रवारीच ये, जेवायलाच ये. जेली करणार नाही, शपथ.