दाजींची टोपी आणि जीपचा धूर

कंपनीने बनवून दिलेली वस्तू जशीच्या तशी वापरायची नाही, असा बाणा असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होता आणि तो नेमका आमच्या आक्काच्या वाट्याला आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शिरड शहापूरचे शेतकरी. लग्नात आम्ही दिलेला पंखा त्यांनी सत्यनारायण व्हायच्या आत खोलला. जोडल्यावर तो असा काही सुटला की त्याच्याखाली निरांजन टिकेना, आणि गुरुजींनी पूजा ओसरीवर मांडली. फवारणीच्या पंपाला त्यांनी स्वतःच्या अकलेचा नळ बसवला, तेव्हापासून औषध स्वतःच्या कापसावर कमी आणि शेजाऱ्याच्या कापसावर जास्त पडायचं. शेजारी त्यांचं कौतुक करून थकत नसे. कुणी हटकलंच तर दाजींचं उत्तर ठरलेलं होतं, "कंपनीवाले तिकडं सावलीत बसून बनवून राहिले. त्यायला इकडची तकलीफ काय ठावं?"

नव्वदीच्या दशकात त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. दारात जीप उभी राहिली तेव्हा गावात त्यांची मान जरा ताठ झाली, पण ती त्याच वर्षी खाली आली. आक्काला दमा. सोयाबीनची मळणी निघाली की भुसा उडायचा आणि तिचा श्वास अडायचा. त्या वर्षी तिला घेऊन दाजी हिंगोलीला डॉक्टरकडे निघाले, तर औंढ्याच्या वाटेवरच्या चढाला जीपलाच धाप लागली. अर्ध्या चढावर ती थांबली ती थांबलीच. आक्का रस्त्याकडेच्या दगडावर बसून श्वास ओढतेय आणि दाजी बॉनेट उघडून उभे, अशी अवस्था. शेवटी मागून आलेल्या ट्रकवाल्याने तिला नेलं. आक्का बरी होऊन आली, पण दाजींच्या मनातून तो चढ काही उतरेना. "सोताची गाडी आसून बायको दुसऱ्याच्या ट्रकमधी! मंग ह्या गाडीचं करायचं काय, लोणचं?"

पुढच्याच आठवड्यात ते नांदेडला गेले आणि मोठ्या इंजिनाचे नोझल घेऊन आले. इंजिनात डिझेलचा फवारा मारणारा बोटाएवढा भाग, तो नोझल. त्याची भोकं मोठी म्हणजे डिझेल जास्त, डिझेल जास्त म्हणजे जोर जास्त, असा दाजींचा सरळ हिशेब. नोझल बसले, जीप गुरगुरली आणि मागून असा काळाकुट्ट धूर निघाला की गल्लीतल्या बायका वाळवणं उचलायला धावल्या. दाजी खुशीत होते. तेवढ्यात मागच्या बाकावर बसवलेली आक्का तोंडाला पदर लावून खाली उतरली. चढ लांबच राहिला, तिला दारातच ढास लागली होती.

"आवो, चमचा मोठा केला म्हनून लेकराचं पोट मोठं होतं व्हय?" खोकल्यातून वाट काढत ती म्हणाली.

दुसरा कुणी ओशाळला असता. दाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "बराबर! चमचा ऱ्हाऊ दे, भरताना कमी भरू."

म्हणजे आता जीपच्या डिझेल पंपाचा स्क्रू. डिझेल किती सोडायचं ते या स्क्रूवर ठरतं आणि त्याला कुणी हात लावू नये म्हणून कंपनी वर शिशाचं सील मारते. दाजींनी ते सील सुपारी फोडावी तसं फोडलं. स्क्रू जरा आत घेतला की चढाला जोर यायचा पण धूर व्हायचा, जरा बाहेर काढला की धूर जायचा पण जोरही जायचा. मधली जागा सापडायला हवी होती. ती शोधायला दाजींनी जे यंत्र काढलं ते जगात दुसरीकडे कुठे नसेल. स्वतःच्या डोक्यावरची पांढरी टोपी ते तारेने सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर बांधायचे आणि चढ चढून गेल्यावर तिचा रंग बघायचे. काळी झाली तर डिझेल जास्त. ती पांढरीच राहिली आणि गाडी रखडली तर कमी. घरातली एकेक टोपी या कामी आली. दाजी लग्नाकार्यांतही राखी टोपी घालून मिरवू लागले आणि एका सोयऱ्याने तर त्यांनी पक्ष बदलला की काय, अशी चौकशी केली.

पण रिकाम्या जीपची परीक्षा खरी नव्हे, वजन हवं. मग दाजी पारावरची माणसं भरून फुकट औंढ्याला न्यायचे. फुकट जीप आणि वर नागनाथाचं दर्शन! म्हाताऱ्या सोमवारी सकाळीच पिशव्या घेऊन दारात हजर. "सेटिंग हाय न्हवं आज?" चढाच्या माथ्यावर सगळी उतरायची आणि टोपीभोवती कोंडाळं करायची. गंमत अशी की सेटिंग जमलं तर फेऱ्या बंद पडणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. त्यामुळे टोपी कशीही असो, सगळ्यांत वडीलधारी म्हातारी ती उन्हात धरून मान हलवायची, "न्हाई रं बाबा. काळीच हाय अजून." दाजी बिचारे पुन्हा स्क्रूला हात घालायचे. या पंचमंडळाने त्यांना दोन हंगाम नाचवलं. फक्त आक्का खरं बोलायची. ती मागच्या बाकावर बसायची, नाक वर करून हुंगायची आणि म्हणायची, "आजून लागून राहिला घशाला." तिच्या घशाइतकं चोख माप दाजींपाशी दुसरं नव्हतं.

मग पुन्हा मळणी आली. मी दिवाळीसाठी गेलो होतो. भर दुपारी आक्काला उबळ आली, ती थांबेना, ओठ निळे पडू लागले. दाजींनी तिला उचलून जीपमध्ये ठेवलं, मी तिला मागे धरून बसलो. टोपी बांधायचं भान कुणाला होतं? चढ जवळ आला तसा मी देवाचं नाव घेऊ लागलो. आदल्याच दिवशी दाजींनी स्क्रू केसभर फिरवला होता आणि त्याचं काय झालं ते कुणीच पाहिलं नव्हतं. जीप चढाला लागली. न अडखळता, न कुरकुरता, एका दमात ती माथ्यावर गेली. तेव्हा माझ्या खांद्यावर पडलेल्या आक्काने मान वळवून मागे पाहिलं. रस्ता शेवटच्या वळणापर्यंत स्वच्छ दिसत होता.

"आवो," ती कशीबशी म्हणाली, "धूर न्हाई."

डोळे पुसायचे तर स्टिअरिंग सोडावं लागेल, म्हणून दाजी तसेच गळणारे डोळे घेऊन हिंगोलीपर्यंत गाडी हाकत राहिले. आक्का वाचली. त्या दिवसापासून त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. म्हाताऱ्यांनी महिनाभर हळहळ केली.

बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालही मागे पडलं होतं तेव्हा, मी गेलो. दाजी थकले होते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जीप लिंबाखाली उभी असायची, पण सोमवारी ते ती सुरू करून टोपी मागे धरत. त्या दिवशी जीपने घरघर केली आणि भसाभस काळा धूर टोपीवर आला. दाजींनी टोपी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, काही उमगेना. त्यांनी ती आक्कापुढे केली.

"कशी हाय?"

आक्काने टोपी हातात घेतली. तव्याच्या बुडासारखी झाली होती ती. जन्मभर खरं बोललेली माझी बहीण माझ्याकडे बघत म्हणाली, "पांढरीफेक हाय, ओ."

"पाव्हणं, तुमी सांगा. ही मन राखून राहिली."

"पांढरीच आहे, दाजी," मी म्हणालो.

दाजींनी ती टोपी झटकली, ऐटीत डोक्यावर ठेवली आणि बॉनेटवर थाप मारली. "कंपनीला जमलं आसतं का हे?" मग ते हात धुवायला आत गेले. ते दिसेनासे होईपर्यंत आक्का हसत उभी राहिली आणि नंतर गोठ्यामागे जाऊन, तोंडावर पदर घट्ट दाबून, बराच वेळ खोकली.