शिवणीच्या चोवीस झिलमिल्या

"ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम. वाळवी न्हाय, बुरशी न्हाय, कटकट न्हाय," असं म्हणत शिंदेअण्णांनी ती चकचकीत पट्टी साहेबांच्या टेबलावर टाकली. पट्टी खणखणली. शेजारी आणखी दोन पट्ट्या होत्या, एक सागवानाची आणि एक शिवणीची. त्या गप्प होत्या.

ही गोष्ट सत्तरीच्या दशकातली. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी कोल्हापुरात देसाई साहेबांच्या आर्किटेक्ट ऑफिसात सुपरवायझर म्हणून लागले होते. एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचं काम चालू होतं. शिंदेअण्णा संस्थेचे सेक्रेटरी. इमारत रस्त्याला लागून, आणि समोर पानपट्टी. पडदे लावले तर वारा बंद, काढले तर पानपट्टीवरची गर्दी वाढणार. म्हणून खिडकीला बाहेरून काचेची दारं आणि आतून झिलमिली लावायची ठरली. झिलमिली म्हणजे लाकडी चौकटीत बसवलेल्या आडव्या, तिरप्या पट्ट्या. मधली दांडी खाली ओढली की पट्ट्या मिटतात, वर ढकलली की उघडतात. वारा आत येतो, नजर येत नाही.

प्रश्न होता, पट्ट्या कशाच्या करायच्या.

अण्णांच्या आग्रहाला मला लबाडीचा वास येत होता. ॲल्युमिनियमवाला विक्रेता त्यांच्या घरी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेला होता, हे मला कळलं होतं. आमच्या घरी पाठ्यपुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. माझे वडील, आबा, फौंड्रीत कामगार आणि युनियनचे. आग्रह करणाऱ्याचा फायदा कुठे आहे ते आधी शोधायचं, हे मी बाराखडीबरोबरच शिकले होते.

"अण्णा, हे दुपारी तापेल. वाऱ्यावर रात्रभर वाजेल. मुलींनी झोपायचं कधी?"

"जाधवबाई, पोरी अभ्यासाला येणार हायत का झोपायला?"

साहेब हसले. म्हणाले, "तुम्ही भांडू नका. टेस्ट करा."

मी तिन्ही पट्ट्या आठ दिवस बादलीत बुडवल्या आणि मग आठ दिवस गच्चीवर उन्हात टांगल्या. वखारीतून आणलेली सागवानाची पट्टी पिळली. सागवान वाईट नसतं. वाईट असतं ते अर्धवट वाळवलेलं सागवान, आणि आम्हाला तेच मिळत होतं. ॲल्युमिनियमला काहीच झालं नाही, पण दुपारी बाराला अण्णांनी ती पट्टी उचलली आणि लगेच खाली टाकली. शिवण जशीच्या तशी सरळ. हलकं, फिकट पिवळं लाकूड. गावाकडे बरेच लोक त्याला सरपणाच्या वरची जागा देत नाहीत.

शिवण सुचवली होती दस्तगीर मिस्त्रींनी. ते कुरुंदवाडचे. वडिलांच्या हाताखाली वीस वर्षं काढून नुकतेच कोल्हापुरात स्वतःच्या नावावर कामं घ्यायला लागले होते. हे त्यांचं पहिलं मोठं काम. चोवीस झिलमिल्या नीट बसल्या तर लक्ष्मीपुरीच्या वखारीत त्यांचं नाव होणार होतं. नाही बसल्या तर त्यांना परत कुरुंदवाडला खाटांच्या पायांकडे जावं लागणार होतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"ताई, शिवण म्हणजे शहाण्या पोरीवानी. बसवाल तिथं ऱ्हाती."

"मिस्त्री, शहाणी पोरगी बसवाल तिथं राहत नाही."

"ते बी खरंच की," ते म्हणाले. "मग शिवण पोरीपरीस बरी."

त्यांनी नमुन्याची एक जादा झिलमिली केली. ती खिडकीत बसली, पट्ट्या बोटाच्या धक्क्याने फिरल्या. संस्थेच्या कमिटीने मंजुरी दिली. मला वाटलं, चला, अण्णांचा एक डाव उधळला.

आता नजर ठेवायला मिस्त्री उरले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेडवर गेले तर ते माप घेत होते. घडीची लाकडी फूटपट्टी, कडा गोल झालेल्या, आकडे पुसट. आणि ते माप शून्यापासून घेतच नव्हते. एक इंचाची रेघ काठावर ठेवून पुढे मोजत होते.

"हे काय? एक इंच कुठे गेला?"

"त्यो मागनं वजा करायचा, ताई. टोक झिजलंय न्हवं, म्हणून एकापासनं धरायचं."

"म्हणजे प्रत्येक मापात एक इंच तुमच्या डोक्यात."

"डोक्यातच असतंय की समदं."

मला हे पटलं नाही. चोवीस झिलमिल्यांत इकडचा इंच तिकडे झाला तर कोण बघणार होतं? पट्टी आखूड, लाकूड कमी, उरलेलं मिस्त्रींचं. मी तिथेच सांगितलं, ही पट्टी चालणार नाही.

"नमुना याच पट्टीनं बसला न्हवं?"

"एकाचं चालून जातं. चोवीसांचं नाही."

त्या संध्याकाळी मी घरी गेले आणि आबांची स्टीलची दोन फुटी पट्टी काढली. आबा फौंड्रीत पॅटर्न शॉपला होते. लोखंड ओतण्याआधी वस्तूचा लाकडी नमुना करतात, त्याला पॅटर्न म्हणतात. आबा ते पॅटर्न करायचे. संपानंतर ते घरी बसले होते आणि तेव्हा दीड-दोन महिन्यांसाठी आत्याकडे पेठ वडगावला गेले होते. पट्टी तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली होती. कोरीव आकडे, धारदार कडा. आमच्या घरात तिच्याइतकी सरळ वस्तू दुसरी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मी मिस्त्रींच्या हातात दिली आणि त्यांची फूटपट्टी माझ्या पिशवीत टाकली.

"ही घ्या. यात वजाबाकी नाही."

त्यांनी पट्टी उलटसुलट केली. "चांगली हाय," इतकंच म्हणाले.

महिन्याभराने टेम्पो आला. हवा पावसाळी झाली होती, वसतिगृह उघडायला पंधरा दिवस होते. पहिली झिलमिली खिडकीला लावली. बसेना. दुसरी लावली. बसेना. चोवीसांतली एकही चौकटीत गेली नाही. झिलमिली म्हणून प्रत्येक सुरेख होती. सांधे घट्ट, पट्ट्या लोण्यासारख्या फिरत होत्या. फक्त प्रत्येक मोठी होती.

मी टेप लावून मोजल्या. माझ्या ड्रॉइंगपेक्षा चार फुटांच्या उंचीला अर्धा इंच जास्त. दोन फुटांच्या रुंदीला पाव इंच जास्त. मी आकडे वहीत लिहिले आणि मला सगळं स्पष्ट दिसलं. लाकूड फुगलं होतं. म्हणजे नमुन्याला कोरडी शिवण आणि बाकीच्यांना ओली, नाहीतर दुसरंच काहीतरी फिकट लाकूड.

"मिस्त्री, लाकूड बदललं."

ते खाली बसले होते. उठले. "ताई, बापाची आण. एकाच ओंडक्याचं हाय."

"मग हे काय आहे?"

"मला उमगंना. पण लाकूड पाण्यानं रुंदीत फुगतं, जाडीत फुगतं. लांबीत फुगत न्हाय. ही उभी दांडी बगा. अर्धा इंच लांब झाली. लाकूड असं उभं वाढत न्हाय."

"जंगलात वाढतं ना?"

माझ्या या विनोदावर, काम बघायला आलेले अण्णा मोठ्याने हसले. मिस्त्री हसले नाहीत. "रंधा मारून देतो की चारी बाजूंनी," ते म्हणाले. "दोन दिवसांचं काम."

पण मला ते मान्य नव्हतं. रंधा मारून माप कमी होतं, ओलं लाकूड कोरडं होत नाही. आज तासून बसवलं तर उन्हाळ्यात आकसून फटी पडणार, आणि त्या फटींतून पानपट्टीवाल्यांना आत दिसणार. मला मुलींची काळजी होती. तेवढं तरी खरं होतं.

साहेब बेळगावच्या साइटवर होते. मी थांबले नाही. ऑफिसच्या सायक्लोस्टाइल मशीनवर त्या संध्याकाळी मी एक पान काढलं. मथळा होता, "वसतिगृहाच्या खिडक्यांत लाकडाची फसवणूक". खाली मोजमापं, त्याखाली मिस्त्रींचं नाव आणि गाव. कमिटीच्या अकरा जणांना मी ते स्वतः वाटलं. अकरांतले एक वखारवाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पान लक्ष्मीपुरीत वाचलं जात होतं. तिसऱ्या दिवशी कुरुंदवाडच्या एका घरमालकाने मिस्त्रींना दिलेलं दारांचं काम काढून घेतलं. कमिटीने ठरवलं, रविवारच्या बैठकीत मिस्त्रींचं काम नाकारायचं आणि ॲल्युमिनियम मागवायचं.

शनिवारी आबा परत आले. मला बैठकीसाठी जाणकाराची सही हवी होती. लाकडावर तीस वर्षं घालवलेला माणूस घरातच होता. मी वही पुढे केली आणि सगळं सांगितलं.

आबांनी आकडे वाचले. परत वाचले.

"सुमे, चार फुटाला अर्धा इंच. दोन फुटाला पाव. सगळ्या चोवीसांत?"

"सगळ्या."

"म्हंजे फुटाला एक सूत." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. "लाकूड एवढं हिशेबात फुगतं व्हय गं?"

मी वही परत माझ्याकडे ओढली.

"आणि उभ्या दांडीत? डिप्लोमाला काय शिकवलं तुला?"

धडा होता डिप्लोमाला. मी तो परीक्षेपुरता वाचला होता.

"मिस्तरीनं मापलं कशानं?"

"तुमच्या पट्टीने."

आबा उठले. फडकं उघडलं, ते रिकामं होतं. मला वाटलं ओरडतील. ते परत बसले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "ती पट्टी खोटी न्हाय पोरी. ती मुद्दाम मोठी हाय."

मग त्यांनी समजावलं. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की निवताना आकसतं. फुटामागे सुमारे एक सूत. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. दर वेळी गणित नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच मोठी असते. तिच्यावरचा एक फूट हा खरा एक फूट आणि वर एक सूत. दिसायला साध्या पट्टीसारखीच. ओळखायला मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत तसं कोरलेलं असतं.

ते कोरलेलं मी पाहिलं होतं. ते कंपनीचं नाव असेल, असं मी समजले होते. कोल्हापुरातल्या निम्म्या घरांतला कुणी ना कुणी फौंड्रीत असतो, आणि मी तर त्याच घरात वाढले होते. तरी एकदाही विचारलं नव्हतं.

मी सायकल काढली आणि मिस्त्रींच्या शेडवर गेले. माझ्या पिशवीतली त्यांची फूटपट्टी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. त्यांनी स्टीलची पट्टी फळीवर ठेवली, शेजारी आपली झिजकी, एकाची रेघ एकाच्या रेघेला लावून. एक इंचाला फरक दिसत नव्हता. शेवटाला पोचेपर्यंत स्पष्ट दिसत होता.

"माझं चुकलं, मिस्त्री. उद्या बैठकीत सांगते."

"बैठकीत सांगून काय हुतंय? तुमचं पान काय बैठकीतच वाचलं का लोकांनी?"

"मग काय करू?"

"जेवढ्यास्नी त्ये वाटलंसा, तेवढ्यास्नी ह्ये वाटा. माझं नाव जेवढं ठळक घातलासा, तेवढंच तुमचं घाला."

त्या संध्याकाळी मी दुसरं पान काढलं. पहिलं पान मी एका दमात लिहिलं होतं. हे चार वेळा फाडलं. शेवटी मथळा झाला, "लाकूड बरोबर, माप चुकीचं, चूक सुपरवायझरची". खाली माझं पूर्ण नाव.

रविवारी बैठकीत मी ते वाचलं. अण्णा म्हणाले, "मग बाई, माझ्या ॲल्युमिनियमवर तुमचा राग का हुता?"

"पेढे," मी म्हणाले.

"पेढे त्या विकणाऱ्याच्या पोरग्याच्या बारशाचे हुते. आणि ॲल्युमिनियम म्हणत हुतो ते माझ्या घराच्या खिडक्या वाळवीनं खाल्ल्या म्हणून."

कमिटीने काम स्वीकारलं. मिस्त्रींनी चारी बाजूंनी रंधा मारला, प्रत्येक झिलमिली जागेवर गेली. मुली वेळेत राहायला आल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी प्रत्येक खिडकी तपासली. एकीतही फट नव्हती.

बाकीचं तसं झालं नाही. दुसरं पान वखारवाल्यांनी न वाचताच खिशात घातलं. "हे काय, परत?" म्हणाले. म्हणून मी लक्ष्मीपुरीत जाऊन ते वखारीच्या दारात मोठ्याने वाचलं. दोन हमाल आणि एक टांगेवाला थांबले. कुरुंदवाडच्या दारांचं काम तोवर दुसऱ्याने सुरू केलं होतं, ते मिस्त्रींना मिळालं नाही. फसवणुकीचं पान कुठल्या कुठे पोचलं होतं. चुकीच्या कबुलीचं पान मला पायी न्यावं लागलं, आणि तरी ते सगळीकडे पोचलं नाही.

साहेब बेळगावहून आले. दोन्ही पानं वाचली. ओरडले नाहीत. म्हणाले, "पुढचं काम त्यांनाच द्या. घेतलं तर."

मिस्त्रींनी घेतलं, पण अट घातली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात लिहून पाहिजे की माप कुणी घेतलं, कुठल्या पट्टीने घेतलं, आणि पट्टी कुणी दिली. खाली सही. साहेबांनी ती ओळ ऑफिसच्या सगळ्या ड्रॉइंगांवर छापून घेतली. मी अजूनही संशय घेते, कारण त्याशिवाय हे काम करता येत नाही. फक्त त्या ओळीत पहिली सही माझी असते.