वजा बारा

आमच्या घरात संध्याकाळ कधी झालीच नाही. सतराशे व्हायचे, अठराशे व्हायचे, मग एकोणीसशेला बाबांचं ताट. बाबा फौजेतून निवृत्त होऊन महूच्या छावणीतून इंदूरच्या राजेंद्र नगरात राहायला आले, पण त्यांचं घड्याळ निवृत्त व्हायला तयार नव्हतं. शाळेचा रिक्षावाला ०६४५ ला, दूध ०६१५ ला, आणि रविवारचे पोहे, रविवार म्हणून सवलत देऊन, ०८०० ला.

मला वजाबाकी शाळेने नाही शिकवली, बाबांनी शिकवली. आकडा बारापेक्षा मोठा असेल तर त्यातून बारा वजा करायचे, लहान असेल तर त्याला हात लावायचा नाही. एवढाच सगळा मामला, पण अर्ध्या कॉलनीला तो जमत नसे. शेजारचे काका पुढचा एक झाकून उरलेलं वाचायचे, म्हणजे सतराशेचे सात. सत्यनारायणाच्या प्रसादाला बाबांनी त्यांना सतराशेचं बोलावणं केलं. काका सातला आले. प्रसाद संपला होता, आणि वर बाबांनी दारातच त्यांची उजळणी घेतली. नळाचं काम करणाऱ्याला एकदा फोनवर सांगितलं, "पंद्रह सौ, बिल्कुल पक्का." तो म्हणाला, "ठीक है भिया, पंद्रह सौ में हो जाएगा, पर आना कब है?"

बाबांना यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. त्यांचं म्हणणं असं, की तुमचं सिव्हिलियन घड्याळ दिवसातून दोनदा तोच आकडा दाखवतं, आणि दिवस की रात्र हे माणसाने खिडकीतून बघून ठरवायचं. फौजेत असं चालत नाही. फौजेत तर रात्रीचे बाराही वाजत नाहीत. २३५९ होतात आणि मग एकदम ०००१. मधलं मिनिट आजचं की उद्याचं यावर भांडण नको, म्हणून ते वापरायचंच नाही. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद असे, की ते मिनिट जणू त्यांनी स्वतःच रद्द केलं होतं.

आई या सगळ्यात कुठे होती? स्वयंपाकघरात. तिला सगळे आकडे तोंडपाठ होते, पण ती ते कधी उच्चारत नसे. ती म्हणायची, "वेळ बाबांना विचार." मी लहानपणी माझ्या जन्माची गोष्ट विचारली, तेव्हाही हेच म्हणाली. मग बाबा मोठ्या हौसेने ती सांगायचे, आणि मी झाले तेव्हा ते तिथून शेकडो मैल लांब सरहद्दीवर होते, याने त्या गोष्टीला काही बाध येत नसे.

गोष्ट अशी. महूच्या दवाखान्यात आई एकटी. बाबांच्या युनिटला निरोप गेला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. बाबांनी दुसऱ्या दिवशी कशीबशी लाइन मिळवून इंदूरला शेजाऱ्यांच्या फोनवर आजोबांना बातमी दिली. आजोबांनी तारीख विचारली, वेळ विचारली, आणि पेढे घेण्याआधी थेट जोशीबुवांचं घर गाठलं. आमच्या घराण्यात संस्थानच्या काळापासून दोनच गोष्टींवर भरवसा, तलवार आणि पत्रिका. तलवार केव्हाच गेली होती.

पत्रिका आली आणि तिच्यात मंगळ निघाला, आठव्या घरात. तेव्हापासून मी जे जे केलं ते मंगळाने केलं. मी ताट सरकवलं, मंगळ. मी मास्तरांना उलट बोलले, मंगळ. लग्नाचं वय झालं तेव्हा तर मंगळ माझ्या आधी लोकांच्या घरी पोचायचा. बघायला येणारे माझ्या हातचा भुट्ट्याचा कीस दोनदा वाढून घ्यायचे आणि चार दिवसांनी कळवायचे, मुलगी उत्तम आहे, पण. मला या 'पण'ची इतकी चीड बसली की तुकोगंजातल्या ज्या दातांच्या दवाखान्यात मी काम करते, तिथे कुणी "दात चांगला आहे, पण" म्हणालं तरी माझं डोकं फिरायचं. याचंही श्रेय मंगळालाच गेलं.

मग तो मुलगा आला. त्याच्या पत्रिकेतही मंगळ, आणि त्याची आई या बाबतीत कडक. मंगळाला मंगळच हवा, नाहीतर मुलगा बिनलग्नाचा राहिला तरी बेहत्तर. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा माझा मंगळ कामाला आला. पण मला तो मुलगा आवडला तो मंगळासाठी नाही. पहिल्या भेटीत सगळे विचारतात काय आवडतं. त्याने विचारलं, "तुला काय आवडत नाही?" मी यादी सुरू केली, आणि त्याने मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तिसऱ्या भेटीपर्यंत मी मनातल्या मनात हो म्हणून बसले होते, आणि त्या 'हो'चीच मला भीती वाटायला लागली होती.

राहिलं होतं ते शेवटचं पत्रिका जुळवणं. त्यांच्या घरचे गुरुजी परदेशीपुऱ्यात राहायचे. जुने जोशीबुवा वारले होते, आणि हे गुरुजी तरुण, लॅपटॉपवाले. जुनी पत्रिका संगणकावर चढवायची होती, म्हणून बाबा आणि मी गेलो. गुरुजींचं आधीचं काम संपेपर्यंत बाबांनी समोरचं पंचांग उचललं आणि ते दचकलेच. "ये क्या छपा है? पंचवीस वाजून चाळीस मिनिटं?"

"हो काका," गुरुजी म्हणाले. "पंचांगाचा दिवस सूर्योदयाला संपतो ना. मध्यरात्रीनंतरचा एक चाळीस म्हणजे आदल्याच दिवसाचे पंचवीस चाळीस."

बाबांनी पान उलटून पुढचेही आकडे तपासले. जन्मभर ज्यांनी चोवीसचं कौतुक सांगितलं, त्यांना कुणीतरी पंचवीस दाखवले होते. शेवटी म्हणाले, "नाइट ड्यूटीसाठी मस्त सिस्टिम आहे, यार." मला बरं वाटलं. वाटलं, आज काम सुरळीत होणार.

गुरुजींनी पत्रिकेवरून तारीख भरली, गाव भरलं, आणि मोठ्याने म्हणाले, "वेळ, झीरो सात तीस."

"झीरो सात नाही," बाबा म्हणाले. "नाइन्टीन थर्टी."

"काका, इथे सकाळचे साडेसात धरलेत."

"मग चूक धरलेत. निरोप माझ्याकडे आला होता. नाइन्टीन थर्टी आवर्स. मी स्वतः घरी कळवलं होतं."

"कसं कळवलं होतं?"

इथे बाबांचा आवाज जरा खाली आला. घरच्यांना नाइन्टीन थर्टी कळणार नाही, म्हणून त्यांनी मेहेरबानी करून वजाबाकी स्वतःच केली होती आणि सांगितलं होतं, साडेसात. नुसतं साडेसात. सकाळ-संध्याकाळ असले शब्द वापरायची सवयच राहिली नव्हती. आजोबांनी आपल्या मनाने सकाळ धरली आणि जोशीबुवांनी ती कागदावर मांडली. पत्रिकेत साडेसात दिसले, म्हणून बाबांनी पुढे कधी तपासलं नाही. आयुष्यात एकदाच बाबांनी सिव्हिलियन लोकांवर दया केली, आणि ती ही.

गुरुजींनी १९३० भरले. पडद्यावरची कुंडली अर्धी फिरली. आठव्या घरातला मंगळ दुसऱ्या घरात जाऊन बसला, आणि दुसऱ्या घरातला मंगळ आमच्याकडे कुणाला नडत नाही. "अभिनंदन," गुरुजी म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं की आपण कुणाच्या पत्रिकेशी ही जुळवणार आहोत. "म्हणजे... आता या स्थळाशी नाही जुळत."

जन्मभर ज्या मंगळाने माझा पिच्छा पुरवला, तो नेमका कामाच्या वेळी घर बदलून गेला होता. परतताना रिक्षात मी बाबांना म्हटलं, "राहू द्या ना सकाळ. कुणाचं काय बिघडतंय?"

"अपन चुकीचा रिपोर्ट देत नाही," बाबा म्हणाले. "रविवारी मुलाच्या आई येणार आहेत ना, मी त्यांना सरळ सांगणार."

मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते मला दिसत होतं. त्यांनी जेवण कमी केलं होतं. पण ज्या चुकीसाठी ते सगळ्या कॉलनीची उजळणी घेत आले, तीच चूक घरात, स्वतःच्या हातून, स्वतःच्या मुलीच्या बाबतीत झाली होती. ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना झोप लागली नसती. माझं लग्न मोडून त्यांना ती दुरुस्त करायची होती. गुरुजींकडे काय झालं ते त्यांनी आईला त्याच दिवशी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कणीक मळत राहिली. मीही तिला काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं. ती संध्याकाळ म्हणाली असती तर मग आशाच संपली.

रविवारी मुलाची आई आली, मुलगा आला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. चहा झाला, कीस झाला. मुलाच्या आईने पिशवीतून नारळ बाहेर काढला, आणि बाबा उभे राहिले. बसूनही सांगता आलं असतं, पण ते उभेच राहिले.

"एक करेक्शन आहे," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. निरोप, फोन, वजाबाकी, राहून गेलेला एक शब्द. स्वतःला एवढीशीही सूट न देता सांगितलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी अभिमानही वाटत होता, आणि या दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या आईने नारळ मांडीवर ठेवला, पिशवीत ठेवला नाही, हे मी पाहिलं.

"म्हणजे संध्याकाळचा जन्म?" त्या म्हणाल्या.

"नाइन्टीन थर्टी. पक्का."

"पण भाऊसाहेब, तुम्ही तर तिथे नव्हतात म्हणता ना?"

"नव्हतो. पण निरोप ऑफिशियल होता."

"तो असेल हो. पण या होत्या ना तिथे?" त्या आईकडे वळल्या. "तुम्हीच सांगा ताई. सकाळी झाली की संध्याकाळी?"

आई दारात ट्रे घेऊन उभी होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तशी तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसले. घाई केली नाही.

"सकाळी," ती म्हणाली.

"अगं, पण मेसेज..." बाबा म्हणाले.

"मेसेज तुम्हाला आला," आई म्हणाली. "मुलगी मला झाली. सकाळी साडेसातला."

तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ आहे की नाही हे ती ज्या आवाजात सांगते, तोच आवाज. बाबा खाली बसले. मी त्यांना अर्ध्या वाक्यात बसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मुलाच्या आईने सुटकेचा श्वास टाकला आणि नारळ आईच्या ओटीत घातला. "आईइतकं कुणाला ठाऊक असणार," त्या म्हणाल्या. मग तारखा काढल्या, कार्यालयाचं बोलणं झालं, मुलाने जाताना मला हळूच विचारलं, "तू ठीक आहेस ना?" मी हो म्हटलं.

ते गेल्यावर मी कपबशा गोळा करत होते. आई मोरीपाशी कढई घासत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. एरवी ते तिथे फक्त वेळ सांगायला येतात. एखाद्या परक्याच्या घरी विचारावं तसं, अगदी हळू विचारलं, "खरं सांग. सकाळ होती, का संध्याकाळ?"

आईने नळ बंद केला.

"इतक्या वर्षांत," ती म्हणाली, "आज विचारलंत."