वाहकासाठी राखीव

पाण्याला आमच्या मराठवाड्यात माणूस दोनच वेळा घाबरतो, ते आलं नाही की आणि ते एकदम आलं की. पण पत्र्याच्या होडीत बसून भर समुद्रात एकट्यानं जायचं, ही उरफाटी हौस औरंगाबादच्या पंचक्रोशीत आजवर एकाच माणसाला झाली आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. साठी ओलांडलेली, पोहता येत नाही, समुद्र पाहिलेला फक्त कॅलेंडरवर. सासरवाडीत एखादी वल्ली असतेच म्हणा. मला मात्र अशी मिळाली की तिची आठवण आली की मी हसायला लागतो आणि अर्ध्यात थांबून मागं वळून बघतो.

मामा एस.टी.चे ड्रायव्हर. मागून डबल बेल आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम त्यांच्या हाडीमाशी खिळलेला. निवृत्त झाले तरी पडेगावच्या घरून साधी भाजी आणायला निघाले तर लुना सुरू करून फाटकात बसून राहायचे. मग मामींनी हातातलं काम टाकून, ताट आणि पळी घेऊन दारात यायचं आणि दोन टोले द्यायचे. दूध उतू जावो नाहीतर कुकरची शिट्टी उडो, आधी टोले. माझ्या लग्नात नवरदेवाची जीप मामांच्या हाती होती आणि मामी बायकांच्या टेम्पोतून पुढं गेल्या होत्या. मुहूर्त जवळ आला, वऱ्हाडी घाम पुसू लागले, मी मुंडावळ्यांतून गयावया करतोय, पण मामा ढिम्म. शेवटी बँडवाल्यानं वैतागून झांज दोनदा आपटली तेव्हा गाडी सुटली. "ही काय खरी बेल नव्हं," मामा गिअर टाकत म्हणाले, "पण बदलीवरची म्हणून चालंल." मामींचे टोलेही त्यांच्या हिशेबी बदलीवरचेच. संसारभर पळी आपटूनही त्या माउलीची नोकरी काही पक्की झाली नव्हती, आणि हे तिला मनापासून लागायचं.

पक्की जागा होती ती मास्तरची. मास्तर म्हणजे मामांचा कंडक्टर, औरंगाबादच्या बुढी लाईन मोहल्ल्यातला एक शिडशिडीत मुसलमान गृहस्थ. त्याला पुढंमागं कुणी नव्हतं. गोदाकाठच्या एका गावाला जाणारी मुक्कामी गाडी वर्षानुवर्षं या जोडीकडं होती. संध्याकाळी गाडी गावात पोचायची, पाराजवळ उभी राहायची, आणि रात्री हे दोघं टपावर ताडपत्री अंथरून झोपायचे. तिथं मास्तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. मामा ती त्याच्याच बोलीत म्हणून दाखवायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाजही बदलायचा. "उस्ताद, मेरे दादा जहाज से हज कू निकले थे. रस्ते में गुजर गए, तो लोगां वैसेच पानी में उतार दिए. कबर नहीं उनकी. एक बार उधर जाके फातिहा पढना है, बस." मामा म्हणायचे, जाऊ की, आपलीच गाडी हाय. मग दोघं हसायचे आणि झोपायचे.

एका हिवाळ्यात, त्याच गावच्या अलीकडच्या थांब्यावर, मास्तरनं एक बेल दिली. मामांनी गाडी थांबवली. माणसं उतरली, चढली. डबल बेल काही येईना. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून, समोर बघत वाट पाहत राहिले. पाशिंजर कुरकुरले, एकदोघं ओरडले, पण मामांनी मान वळवली नाही, कारण मास्तरचं काम मास्तर करणार. अखेर मागून एक बाई रडायला लागली तेव्हा ते उठले. मास्तर आपल्या सीटवर बसलेला होता, हात वर, मूठ घंटीच्या दोरीवर, आणि गेलेला. गाडी मामांनी हलवली नाही ती नाहीच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली. पुढं धरण झालं, पाणी चढत आलं, गाव, पार, तो थांबा, सगळं नाथसागराच्या पोटात गेलं. मामा म्हणायचे, "थांबा बुडाला, पण माझी बेल राहिलीच ना."

निवृत्तीनंतर त्यांना कळलं की ती जुनी गाडी भंगारात निघाली. मामा भंगारवाल्याकडं जाऊन बसले आणि तिचे पत्रे, आरसा, घंटी, दोरी आणि कंडक्टरची सीट घेऊनच उठले. मग पडेगावच्या अंगणात होडी आकाराला येऊ लागली. शीड म्हणजे टपावरची ताडपत्री. सुकाणूला ते स्टिअरिंगच म्हणत. मागच्या बाजूला ती सीट, तिच्यामागं पाटीवर पांढऱ्या रंगात सुबक अक्षरांत 'वाहकासाठी राखीव', आणि डोक्यावरून गेलेली दोरी थेट पुढच्या घंटीपर्यंत. शेजारच्या मेंढपाळ म्हाताऱ्यानं विचारलं, ही गाडी जाणार कुठं? मामा म्हणाले, समुद्रात, मस्कतच्या अंगाला. एवढ्या पाण्यात मास्तरच्या आजोबाला उतरवलं ती जागा कशी घावणार, असं मी विचारलं, तर त्यांना माझ्या शिक्षणाची कीव आली. "जावईबापू, थांबा ड्रायव्हरला कशाला ठावं पाहिजे? मास्तर बेल मारंल की." आणि सोबत कोण, तर कुणी नाही, एकटाच. हे सांगताना त्यांची नजर त्या सीटकडं जायची आणि आमच्यातलं कुणी तिच्यावर चुकून टेकलं की खेकसायचे.

सराव नाथसागरावर. जुना डांबरी रस्ता तिथं सरळ पाण्यात उतरतो. मैलाच्या दगडाचं नुसतं डोकं वर दिसतं. एकदा मामींनी मला बरोबर धाडलं, लक्ष ठेवायला. मला पुढं, त्यांच्या पायाशी बसवलं होतं. मी डब्यावर बदलीवरचे दोन टोले दिले तेव्हा होडी त्या रस्त्यावरूनच पाण्यात गेली आणि मामा खालचा रस्ता धरून चालवू लागले. इथं चढ हाय, इथं खड्डा व्हता, असं पुटपुटत ते खरोखर वळणं घेत होते. ऊन कलतं झालं, वारा पडला, पाणी परातीतल्यासारखं स्वस्थ झालं. आणि माझ्या डोक्यावर घंटी वाजली. एकदाच. मामांनी मुकाट्यानं ताडपत्री उतरवली. मी वळून पाहिलं. सीटवर कुणी नव्हतं आणि दोरी हलत होती. लाटेनं हलली असेल म्हणावं तर लाट नव्हती.

"थांबा आला," मामा म्हणाले.

आम्ही तिथं बसून राहिलो. ते समोर बघत होते, मी खाली पाण्यात बघायचं टाळत होतो. चांगलाच अंधारून आलं तेव्हा मीच दोरीकडं हात नेला, म्हटलं मारू दोन टोले आणि सुटू एकदाचे. मामांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. शेवटी त्यांनी वल्ही काढली. वल्हवणं म्हणजे गाडीला धक्का मारणं, आणि धक्का मारायला बेल लागत नाही, असा त्यांनी नियम काढला. मी आयुष्यात इतक्या मनापासून कुठल्याही गाडीला धक्का मारला नाही.

मग खरंच होडी ट्रकवर चढली आणि कोकणातल्या एका लहानशा बंदरात उतरली. मामी, मी आणि मामा. समुद्र पहिल्यांदा पाहून मामी खाली वाळूतच बसल्या. मामांनी होडी पाण्याच्या कडेला लावली, फुटाणे, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याचे कॅन भरले, आणि आत जाऊन बसले. बेलची वाट पाहत. एक दिवस गेला, दुसरा गेला. कोळी येऊन बघून जायचे. त्यांना आधी हसू आलं, मग भीती वाटू लागली. मामींनी मला बाजूला घेतलं. घंटीच्या लोलकाला त्यांनी आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळून ठेवली होती. "वाजणारच नाय ती," त्या म्हणाल्या. "बसतील चार दिवस, कंटाळतील, घरी येतील. मेलेल्या माणसानं माझा नवरा न्यायचा म्हंजे काय? मी जित्ती हाय की अजून." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी मनोमन त्या चिंधीला हात जोडले.

सकाळी भरती चढत होती. आम्ही होडीपासून दहा पावलांवर चहा पीत होतो. घंटी वाजली. ठण, ठण. खणखणीत, पितळ उघडं असल्यासारखी. मामींच्या हातातली बशी वाळूत पडली. मामांनी ताडपत्री चढवली आणि होडी निघाली. आमच्याकडं त्यांनी वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरनं मागं वळायचं नसतं.

मामी त्या बंदरावरच एका कोळ्याच्या घरी राहिल्या. मी नोकरीवर परतलो. उस्मानपुऱ्यात आमच्या घरी कुणी ताटावर चमचा आपटला तरी बायको दचकायची. सगळ्यांनी मनातून मामांवर पाणी सोडलं होतं, बोलत कुणी नव्हतं. आणि महिना उलटून गेल्यावर तार आली, की आले.

काळे ठिक्कर पडले होते, अर्धे राहिले होते. त्या प्रवासाविषयी ते एकदाच बोलले. जमीन दिसेनाशी झाल्यावर मागून तिकीट पंच करण्याचा आवाज यायचा म्हणे, कट कट. वारा मोठा झाला की कुणीतरी गुणगुणायचं. मी विचारलं, आरशात पाहिलंत का? "पाहिलं. आरशात नुसता समुद्र. पण सीट दबलेली व्हती." मग एका दुपारी, चारी बाजूंना पाणीच पाणी असताना, एक बेल आली. मामांनी ताडपत्री उतरवली. मागं सीट वर आल्याचा आवाज झाला. बऱ्याच वेळानं मामांनी बोलावलं, मास्तर, झालं का? कुणी ओ दिली नाही. घंटीही जागेवर नव्हती. तेव्हा जन्मात पहिल्यांदा त्यांनी बेलशिवाय गाडी वळवली. एवढं सांगून त्यांनी खिशातून मिठानं कडक झालेली लुगड्याची चिंधी काढली आणि मामींच्या हातात दिली. "मास्तरनं दिलीय, उतरायच्या आधी. म्हणला, भाभी का है, वापस देव." मामींनी ती घेतली आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

त्यानंतर मामांना बेल लागेनाशी झाली. लुना सुरू करायचे आणि सरळ निघून जायचे. आम्हाला वाटलं, सुटलो. मामी मात्र ताट-पळी घेऊन दारात यायच्या आणि तशाच आत वळायच्या. ज्या कामाला जन्मभर शिव्या घातल्या ते काम गेल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला की मला मास्तरचा रागच आला. नेलं ते नेलंच म्हटलं यानं.

एका रविवारी मी पडेगावला होतो. मामा दौलताबादच्या रस्त्याला लागले, वळून दिसेनासे झाले. मामी दारात होत्या. त्यांनी पळी ताटावर दोनदा टेकवल्यासारखं केलं. शेजारी उभ्या असलेल्या मलाही ते धड ऐकू आलं नाही. लांबवर लुनाचा आवाज बंद पडला. मग पुन्हा सुरू झाला, जवळ येऊ लागला. मामा फाटकात आले, आमच्याकडं न बघता त्यांनी लुना रस्त्याच्या दिशेनं वळवून लावली आणि पाठमोरे बसून राहिले. अंगणात परत आणलेल्या होडीतली ती सीट रिकामी होती.

"मारा, मास्तर," मामा म्हणाले.

मामींनी आधी डोळे पुसले. मग ताट नीट धरून दोन टोले दिले, आणि लुना हलली. धूळ खाली बसली तरी त्या पळी घेऊन दारातच उभ्या होत्या, कामावर असल्यासारख्या.