एकतर्फी अबोला

आमच्या घरात अबोला रीतसर धरला जातो. माहेरी मी आरडाओरड्यात वाढले. सासरी आल्यावर कळलं की इथली माणसं भांडत नाहीत, बोलणं बंद करतात. त्याचे नियम ठरलेले आहेत. जेवण वेळेवर वाढायचं, उलट एक भाजी जास्तच करायची, म्हणजे समोरच्याला जास्त टोचतं. आधी बोलेल तो हरला. अगदीच निकड असेल तर तिसऱ्याच्या तोंडून, ‘तुझ्या बाबांना सांग, सिलिंडर संपलाय,’ अशा थाटात. हे काम आमच्या लेकीने बालवाडीपासून केलं आणि मग नोकरी लागली म्हणून ती पुण्याला निघून गेली.

त्यामुळे गेल्या वेळचा अबोला सुरू झाला तेव्हा निरोप पोचवायला घरात फक्त सासूबाई होत्या. त्या सटाण्याच्या. नाशकात येऊन बरीच वर्षं झाली तरी बोलतात अहिराणीच. शिवाय उजव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने हवं तेवढंच येतं.

कारण झालं मिसळीचं. हे नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरी बसल्या बसल्या त्यांनी माझे मसाल्याचे डबे उंचीनुसार लावून ठेवले. मी चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी रविवार. मटकीला छान मोड आले होते, रस्सा असा झाला होता की शेजारच्यांना ठसका लागावा. यांनी वाटीकडे बघितलं आणि नको म्हणाले. नाशकात राहणारा माणूस रविवारी मिसळीला नको म्हणतो, याचा अर्थ मी एकच लावला. म्हटलं, असं काय, मग मलाही अबोला धरता येतो.

आणि धरला. पण या वेळी मजा येईना. एरवी हे दुसऱ्याच दिवशी उगाच खोकतात, कपाटांची दारं आपटतात. समोरून अशी धुसफूस आली तर आपल्यालाही हुरूप येतो. हे नुसते गॅलरीत बसून. गाडी मी चालवते आणि शेजारी बसून हे ‘क्लच, क्लच’ करत असतात, अगदी अबोल्यातसुद्धा हाताने खुणा करून. आता मात्र द्वारकेच्या चौकात मी एका रिक्षाला जवळजवळ चाटून गेले तरी हे आपले खिडकीबाहेर बघत राहिले. फारच ताणून धरलंय यांनी, असं मी मनात म्हटलं.

एका सकाळी मी सासूबाईंना म्हटलं, त्यांना सांगा, मी गिझर बंद करतेय. त्यांनी गॅलरीत जाऊन सांगितलं की ती म्हणते, आंघोळ कर. हे सकाळीच आंघोळ करून बसले होते. तरी उठले, टॉवेल घेतला आणि थंड पाण्याने दुसऱ्यांदा आंघोळ करून आले. ना कुरकुर, ना प्रश्न. मी स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होते. सासूबाई माझ्या मागोमाग आल्या. त्या हसत नव्हत्या.

“बाई, तो रुसना नही,” त्या म्हणाल्या. “त्याले करमस नही.”

करमत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला करमत नव्हतं, पुण्यात सुरुवातीला लेकीला करमत नव्हतं. परक्या गावात माणसाला करमत नाही, एवढं मला माहीत होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या गॅलरीत कुणाला करमेनासं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं हसू गेलं आणि मला भीती वाटली.

मी गॅलरीत गेले आणि नियम मोडून विचारलं, माझ्यावर रागावलात का?

“नाही गं,” ते म्हणाले. “का, तू अबोला धरलायस का?”

इतक्या कष्टाने धरलेल्या अबोल्याचा यांना पत्ताच नव्हता. एरवी या अपमानावरून मी नवा धरला असता. पण मग ते हळूहळू सांगायला लागले. झोप लागत नाही, काही नकोसं वाटतं, बोलायचं म्हटलं तर तोंड उघडायचंच जड जातं. मी त्यांच्याजवळ बसून रडले.

डॉक्टरांचं नाव काढलं की नुसती मान हलवायचे. शेवटी मी निरोप सासूबाईंकडे दिला. त्यांनी गॅलरीत जाऊन सांगितलं की ती म्हणते, डॉक्टरकडे चल, आणि आंघोळीला उठले होते तसेच हे उठले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं, आणि हा आजार बरा होतो पण वेळ लागतो, असं मला बजावलं. मी वेळ द्यायला तयार होते, पण शेजारच्या सीटवरची शांतता मला सोसत नव्हती. जाताना शांतता, येताना शांतता. मी मुद्दाम गिअर चुकवून पाहिले. काही उपयोग झाला नाही.

मग एका संध्याकाळी डॉक्टरांकडून परतताना द्वारकेला अडकलो होतो. मागे बस, पुढे ट्रक, मागच्या सीटवर सासूबाई.

“अगं, तो इंडिकेटर किती वेळ चालू ठेवणार आहेस?” हे म्हणाले. “आणि क्लचवरचा पाय काढ आधी.”

मी निमूटपणे पाय काढला. समोरचं काही नीट दिसत नव्हतं, म्हणून पदराने डोळे पुसले. मागून सासूबाईंनी डावा कान पुढे केला.

“काय म्हणस तो?”

मी मोठ्याने सांगितलं, माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवतायत.

“मंग बरं शे,” म्हणून त्या मागे टेकून बसल्या.